मायराचं वाचन फार सुंदर आहे

हडपसरपलीकडच्या मांजरी गावात मार्च महिना वरून येतो. ऊस तुटून गेला की शेतकरी मागे राहिलेलं पाचट पेटवतात आणि त्याची काळी काजळी आमच्या बाल्कनीत, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर, तुळशीच्या कुंडीत येऊन बसते. तिला हात लावायचा नसतो, लावला की पसरते. नुसती फुंकर मारायची असते. नव्याने राहायला आलेले लोक सोसायटीच्या ग्रुपवर तिचे फोटो टाकून हे नक्की काय आहे म्हणून विचारतात आणि आमच्यासारखे जुने लोक त्यांना उत्तर देत नाहीत. पुण्यात माणूस सात-आठ वर्षांत जुना होतो, आणि जुन्या माणसाने विचारल्याशिवाय सांगू नये आणि विचारल्यावर तर मुळीच सांगू नये, असा इथला रिवाज आहे.

त्याच सुमाराला ग्रुपवर दुसरा निरोप येतो. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, क्लबहाउसमध्ये मोठ्याने गाणी लावू नयेत. मग दुपार कलती झाली की खिडक्याखिडक्यांतून मुलं मोठ्याने वाचायला लागतात. सगळी इंग्रजी वाचतात आणि सगळी छान वाचतात. कुठे अडखळणं नाही, कुठे बोट ठेवून चालणं नाही. मी उठते आणि खिडकी लावून घेते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, जन्मभर पोरींना मोठ्याने वाचा म्हणून ओरडलीस, आता वाचतायत तर तुला ऐकवत नाही. खरं आहे त्यांचं. मला ऐकवत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षांपासून मला कुणाचं सुंदर वाचन ऐकवत नाही.

मी एका पेठेतल्या मुलींच्या मराठी शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. शाळेचं नाव सांगत नाही, तिथे आता पार्किंग आहे. वर्गाला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या गिरणीतल्या पिठाचा वास यायचा. फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ मारायची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मग साठ मुली एका सुरात म्हणायच्या, ओ आर सी एच ए आर डी ऑर्चर्ड, ऑर्चर्ड म्हणजे फळबाग. एफ ई एन सी ई फेन्स, फेन्स म्हणजे कुंपण. त्यात एक ठेका असायचा. 'म्हणजे' या शब्दावर सगळ्या जणी जरा झुलायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की इथे पाढे चाललेत किंवा आरती. त्या मुलींचे उच्चार भयंकर होते. वाचायला उभी केली की ठेचकाळत, घाम पुसत, शेजारणीकडे बघत वाचायच्या. मी कपाळाला हात लावायची. पण फळबाग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहायचं. एखादीचा मामा जुन्नरकडचा असायचा, एखादीने सहलीला पेरू चोरलेले असायचे. कुंपण म्हटलं की फाटलेला परकर आठवायचा. मी त्या आधीच भरलेल्या डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवत होते, आणि त्यालाच शिकवणं समजत होते. डबे कुणी भरले हा प्रश्न मला कधी पडला नाही, पडायचं कारणही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे आलो. शिकवण्या घ्यायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं आणि दारावर तशी पाटीही लावणार होते. ती राहून गेली, आणि चार-पाच वर्षांनी शेजारच्या फ्लॅटमधली वैशाली एका दुपारी मुलीला घेऊन आली. वैशाली आणि प्रशांत हे जोडपं वाशीमकडचं. तो हडपसरच्या आयटी पार्कात इंजिनिअर, ती घरी. मुलगी पाचवीत, मायरा. या नावाचा अर्थ काय, असं मी पहिल्याच दिवशी प्रशांतला विचारलं होतं. तो जरा विचार करून म्हणाला होता, "नेटवर छान अर्थ होता काकू, आता आठवत नाही." तेव्हा मी हसले होते.

वैशालीचं म्हणणं असं होतं की मायरा वर्गात पहिल्या पाचांत होती, पण यंदा इंग्रजीच्या बाईंनी बोलावून सांगितलं की मुलीला उतारा समजत नाही. उताऱ्यावरचे प्रश्न आता सरळ येत नाहीत, फिरवून येतात. पाचवीला पुन्हा नापास करायला लागलेत. वर्ष वाया गेलं तर प्रशांत काय म्हणेल या धास्तीने ती पांढरी पडली होती. तुम्ही फक्त परीक्षेपर्यंत बघा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आधी वाचू दे.

मायराने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आमचे हे आतल्या खोलीतून उठून दारात येऊन उभे राहिले. इतकं स्वच्छ, इतकं चढउतारांचं वाचन माझ्या तीस वर्षांत एका मुलीने केलं नव्हतं. स्वल्पविरामाला श्वास, प्रश्नचिन्हाला सूर वर. धड्यात एक म्हातारा होता. तो कुंपणाला टेकून उभा राहिला आणि त्याने उसासा टाकला, कारण त्याची फळबाग सुकून गेली होती. मी विचारलं, म्हाताऱ्याने उसासा का टाकला? हे मी इंग्रजीत विचारलं. मायराने पान बघितलं, प्रश्नातला शब्द पानात शोधला, तो जिथे होता ते वाक्य उचललं, पुढे 'बिकॉज' लावलं आणि उत्तर दिलं. उत्तर संपूर्ण बरोबर होतं. मी तपासनीस असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आता सांग, काय झालं गोष्टीत?

ती माझ्याकडे बघून गोड हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. लग्नकार्यात एखादे दूरचे नातेवाईक आपल्याशी फार आपुलकीने बोलतात आणि आपल्याला ते कोण हे आठवत नसतं, तेव्हा आपण तसं हसतो.

मी माझ्या जुन्या सवयीने फळ्यावरची रेघ मनात ओढली. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग, मी म्हटलं. फळबाग म्हणजे काय ते माहीत आहे ना? मान हलली, नाही. आमराई? नाही. बरं, फेन्स म्हणजे कुंपण. कुंपण? नाही. मी हिंदीतून सांगून पाहिलं, तिथेही काही लागलं नाही. उसासा या शब्दावर तर ती चक्क घाबरली. शेवटी मी खुर्चीवर मागे टेकून, डोळे मिटून, छाती भरून एक उसासा टाकून दाखवला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"ओह," ती म्हणाली, "मम्मा डज दॅट."

वैशाली दाराशी बसली होती. तिने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

त्या दिवशी मायरा गेल्यावर मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. मला भीती वाटली होती. मी अर्थ सांगितला आणि त्या अर्थाचाच अर्थ सांगायची वेळ आली होती. त्याच्याखाली पाय टेकायला जमीनच नव्हती. पुस्तकात हल्ली लिहिलेलं असतं, संदर्भावरून शब्दाचा अर्थ ओळखा. संदर्भ म्हणजे तरी काय, शेजारपाजारचे शब्द. नव्या बिल्डिंगमध्ये सगळेच नवे असले तर कुणाचा पत्ता कुणाला विचारायचा? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे मी मुलींना किती वेळा ऐकवलं असेल. आड इतका कोरडा असू शकतो हे मी पाहिलं नव्हतं.

वैशालीने हळूहळू सांगितलं ते असं. मायरा शिशुवर्गात असताना शाळेने पालकांची सभा घेतली होती. घरात इंग्रजीतच बोला, म्हणजे मूल मागे पडणार नाही, असं तिथे सांगितलं गेलं. बाकीच्या पालकांनी माना हलवल्या आणि घरी येऊन विसरून गेले. प्रशांत विसरला नाही. तो वाशीमजवळच्या गावातून शिकत आलेला, शिक्षकाचा शब्द त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. त्या संध्याकाळपासून त्या घरात मायरासमोर मराठी बंद झाली. आता वैशालीचं इंग्रजी म्हणजे कॉलेजात पास होण्यापुरतं. ती मुलीशी बोलायची ते मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. ईट फास्ट. सिट प्रॉपर्ली. डोन्ट डू लाइक दॅट. व्हेरी गुड. गो, स्टडी. सकाळी हेच, संध्याकाळी हेच. मूल पाच वर्षांचं होतं तेव्हाही हेच आणि दहा वर्षांचं झालं तेव्हाही हेच. मायराने खाली खेळताना थोडी हिंदी उचलली होती, शाळेत मराठीच्या तासाला कविता पाठ केल्या होत्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणि हीच वैशाली माझ्या स्वयंपाकघरात आली की वेगळीच बाई व्हायची. कोथिंबीर निवडत बसायची आणि तिची वऱ्हाडी सुरू व्हायची. गावातल्या एकेका माणसाची नक्कल, सासूच्या गोष्टी, चुलीवरच्या भाकरीचे प्रकार, उन्हाळ्यात अंगणात झोपताना आईने सांगितलेल्या भुतांच्या हकिगती. तिची एक मावशी इतकी चिकट होती की "माशी पडली चहात, तर पिळून घेईन पण टाकणार नाई" असं तिच्याबद्दल गावात म्हणत. आमचे हे, जे कुणाच्या विनोदाला सहसा हसत नाहीत, ते बाहेर बसून हसायचे. एवढा ऐवज या बाईच्या पोटात होता आणि घराचं दार उघडून आत गेली की तिच्याकडे पाच वाक्यं उरायची.

एकदा मी तिला म्हटलं की नवरा ऑफिसात असतो तेव्हा तरी बोल पोरीशी. ती कोथिंबिरीचे देठ एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "सवय राह्यली नाई, काकू. बोलायला गेली तर पोरगी म्हणते, मम्मा, स्पीक प्रॉपर्ली." निवडलेली जुडी तिने माझ्याकडे सरकवली. "इंग्रजीत पोरीले रागावता येते. लाड नाई करता येत."

प्रशांतशी मी बोलले. बोलले म्हणजे पुणेरी पद्धतीने टोमणा मारून सुरुवात केली, पण त्याने टोमणा लागू दिला नाही. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मला मिटिंगमध्ये सगळं कळतं. माझं म्हणणंही बरोबर असतं. पण वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दहा वर्षं झाली, मी अजून एकदाही वेळेवर बोललेलो नाही. ते हिच्या वाट्याला नको." तो वाईट माणूस असता तर मला राग तरी धरता आला असता. त्याने आपल्या घशात अडकलेलं हाड मुलीच्या घशात अडकू नये म्हणून तिला जेवणच बंद केलं होतं, पण ते त्याने प्रेमाने केलं होतं.

मी माझ्यापरीने लागले. फळ्याची रेघ पुसून टाकली. शब्दाला शब्द द्यायचा नाही, वस्तू द्यायची, असं ठरवलं. कुंपण दाखवायला तिला सोसायटीच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे ऊस संपून तारा लागतात. तारेत अडकलेल्या चिंध्या, खांबावर बसलेला वेडा राघू, पलीकडे एक म्हैस. मायरा तारेला हात लावून उभी राहिली. फेन्स, मी म्हटलं. कुंपण. तिने दोन्ही म्हटलं. आत येऊ द्यायचं नसेल तर कुंपण, बाहेर जाऊ द्यायचं नसेल तरी कुंपण. तिला ती गंमत वाटली. उसाचं शेत कापून झालं होतं आणि जमिनीतून तुटक्या खोडक्या वर आल्या होत्या. याला काय म्हणतात, तिने इंग्रजीत विचारलं. मला इंग्रजी शब्द आठवला नाही. खोडकी, मी सांगितलं. तिने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

एका रविवारी तर मी दोघी मायलेकींना घेऊन मंडईत गेले. खरं म्हणजे भाजी आमच्या दारात येते, मंडईला जायचं काही कारण नव्हतं. पण मला जिथे भाव, वास आणि आवाज एकदम अंगावर येतात अशी जागा हवी होती. कोवळी भेंडी आणि जून भेंडी मोडून दाखवली. पिकलेली पपई, नासलेली पपई. कच्ची कैरी तिथेच मीठ लावून खाल्ली. आवळा चावल्यावर मायराचा चेहरा गोळा झाला आणि मग मी तिला पाणी प्यायला लावलं. गोड लागलं, ती डोळे मोठे करून बघायला लागली. पण आधी लागलं ते नुसतं आंबट नाही, कडू नाही, मग काय? वैशाली पुढे झाली आणि म्हणाली, "तुरट." त्या सकाळी वैशालीची जीभ सुटली होती. ती गाळ्यावाल्याशी घासाघीस करत होती, कोथिंबिरीची जुडी उलटी करून मुळं बघत होती. गाळ्यावाला म्हणाला, ताई, मुळं बघून घ्यायला ही कोथिंबीर आहे, सोयरीक नव्हे. वैशालीने त्याला असं उत्तर दिलं की शेजारचा लिंबूवाला वजनकाटा सोडून हसला. मायरा आईकडे बघत होती. आपल्या आईला लोक हसून दाद देतात हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने आईचा हात धरला, आणि परतताना बसमध्येही सोडला नाही. मला वाटलं, झालं. सापडली वाट.

वाट सापडली नव्हती. त्या संध्याकाळी मायराने बाबाला सांगितलं, पपा, आवळा इज तुरट. प्रशांतने विचारलं, तुरटला इंग्रजीत काय म्हणायचं? कुणालाच आलं नाही. त्याने फोनमध्ये शोधून काढलं, शब्द लांबलचक होता, तिने तो पाठ केला. त्याचं स्पेलिंग तिला आजही येत असेल. पुढच्या रविवारी प्रशांत आमच्याकडे आला आणि दारातच उभा राहून नम्रपणे म्हणाला की परीक्षा तोंडावर आहे, मंडईतलं काही पोर्शनला नाही, तेवढं आपण उताऱ्यांवर लक्ष दिलंत तर बरं. त्याचं चुकत नव्हतं. कोवळं, जून, नासकं, तुरट यातलं काहीही पोर्शनला नव्हतं. दहा वर्षांत भरायचे डबे मी तीन आठवड्यांत भरायला निघाले होते, आणि तेही दुसऱ्याच्या घरातले.

मग आम्ही उतारे केले. उतारा, प्रश्न, उत्तर. मी तिला फिरवलेले प्रश्न ओळखायला शिकवलं. 'कसं वाटलं असेल' असं विचारलं तर उताऱ्यात बघायचं नाही, हॅपी, सॅड, अँग्री, प्राउड यांतलं एक लिहायचं. चांगलं घडलं असेल तर पहिलं, वाईट घडलं असेल तर दुसरं. हे तिला लगेच जमलं. ती हुशारच होती, तिच्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती. बाहेर ऊन वाढत गेलं. काजळी पडायची थांबली. कडुलिंबाला बारीक फुलं आली आणि संध्याकाळी त्यांचा कडवट गोड वास खिडकीतून यायचा. मायरा रोज वाचायची आणि मी ऐकायची. तिचा आवाज इतका गोड होता की कधी कधी मीही विसरायची आणि नुसती ऐकत राहायची. मग ती थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि त्या निर्मळ, रिकाम्या हसण्याने मी भानावर यायची. त्या आठवड्यांत मला माझं सगळं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं. मी आजवर अर्थ शिकवला नव्हताच. दुसऱ्या कुणीतरी, आयांनी, आज्यांनी, भांडणाऱ्या शेजारणींनी तो आधीच शिकवून ठेवलेला होता, आणि त्यांनी हात काढून घेतल्यावर माझ्या हातात नुसता खडू उरला होता.

मायरा पास झाली. नुसती पास नाही, इंग्रजीत चांगल्या गुणांनी. शिवाय शाळेने तिला उत्कृष्ट वाचनाचं प्रमाणपत्र दिलं. प्रशांत पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. हे म्हणाले, चला, मोहीम फत्ते. मी माझा पेढा यांच्या बशीत ठेवून दिला.

निकालानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, भिंतीपलीकडून वैशालीचा आवाज आला. तो रोजचा आवाज नव्हता. मी चप्पल न घालताच गेले. दार उघडं होतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, फोन बाजूला पडला होता. तिची आई गेली होती. सकाळी शेतातून आली, पाणी मागितलं आणि गेली. प्रशांतला कळवलं होतं, तो निघाला होता, संध्याकाळच्या गाडीने जायचं ठरत होतं. मी तिच्याजवळ बसले आणि तिला धरलं.

वैशाली रडत होती आणि बोलत होती. आमच्याकडे शहरात माणूस गेलं की लोक गप्प रडतात. ती तशी रडत नव्हती. तिच्या गावच्या बायका रडतात तशी, आईला हाक मारत, आईशीच बोलत रडत होती. वऱ्हाडीत, सगळं, काही मागे न ठेवता. आई दहावीच्या परीक्षेला तिच्यासोबत केंद्रापर्यंत चालत गेली होती आणि पेपर सुटेपर्यंत उन्हात बाभळीखाली बसून राहिली होती. वैशालीच्या लग्नात मिळालेलं लुगडं तिने कधी नेसलंच नाही, पोरीच्या घरी पुण्याला जाईन तेव्हा नेसीन म्हणायची. पुण्याला मात्र तिला बोलावणं झालंच नाही, कारण ती आली असती तर मायराशी कोणत्या भाषेत बोलली असती. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. नातीचा आवाज ऐकव म्हणाली. वैशालीने सांगितलं, तिची परीक्षा झाली की देते. त्याआधी एकदा मायरा फोनवर काहीतरी वाचून दाखवत होती, तेव्हा ती कितीतरी वेळ ऐकत राहिली होती.

"मले म्हणे, काय बोलते समजत नाई माय," वैशाली म्हणत होती, "पण आवाज तुह्यासारखाच हाये. तुह्यासारखाच हाये."

मायरा दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. ती ऐकत होती. अगदी लक्ष देऊन, मान जराशी कलती करून, आईच्या आवाजाचा प्रत्येक चढ आणि उतार ती ऐकत होती. आजी गेल्याचं तिला फोनवरच्या बोलण्यातून कळलेलं होतं, तेवढे शब्द तिला येत होते. पण आई हे जे इतका वेळ बोलते आहे ते काय, ते तिला कळत नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि कानाशी हळूच म्हणाली, "टीचर आजी, व्हॉट इज शी सेईंग?"

मी तोंड उघडलं. बाभळीची सावली सांगायची होती. घडी न मोडलेलं लुगडं सांगायचं होतं. तुझा आवाज, आईसारखाच आवाज, असं काहीतरी सांगायचं होतं. मराठीत सांगितलं असतं तर तिला लागलं नसतं आणि इंग्रजीत सांगितलं असतं तर तो एक उतारा झाला असता. तिच्याकडे कोणते शब्द होते ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही भाषा येणारी त्या घरात मी एकटी होते.

"शी इज सॅड," मी म्हटलं.

मायराने मान हलवली. तिचं समाधान झालं. ती आईजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या त्या स्वच्छ, सुरेख उच्चारांत म्हणाली, "डोन्ट बी सॅड, मम्मा."

वैशालीचं बोलणं तिथेच तुटलं. तिने ओढणीने तोंड पुसलं, मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि माझ्यादेखत, जमतील तेवढे शब्द गोळा करून म्हणाली, "ओके, बेटा. गुड गर्ल. गो, ड्रिंक मिल्क."

मायरा उठून फ्रीजकडे गेली. त्यातला एकूणएक शब्द तिला समजला होता.